हेल्दी सूप

पोलादपूरजवळच्या हायवेवरच्या नव्या रेस्टॉरंटात भरतने मधुमेही आईसाठी मेनूवरचं 'हेल्दी' टोमॅटो सूप मागवलं. पहिल्याच चमच्याला आवडीबाई थांबल्या.

"यात साखर हाय."

"नाही मावशी, अजिबात नाही. तयार पाकिटातलं सूप आहे," मॅनेजर म्हणाला.

"पाकीट आण बघू."

भरतने पाकिटावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. टोमॅटोनंतर लगेच साखरच होती.

मॅनेजर वाकून हळूच म्हणाला, "हेड ऑफिसकडून असंच येतं, मावशी. माझ्या आईलाही शुगर आहे. तिला मी इथलं काही खाऊ देत नाही."

"चल आई, जाऊ दे," भरत म्हणाला.

"का जाऊ दे?" आवडीबाई कडाडल्या. "याला सगळं ठावं होतं! सोताच्या आयेला जपतोय, आन् माझ्याम्होरं वाडगा ठेवतोय!"