जसं कॅसेटीत, तसंच

"अजून खाली!" प्रफुल्ल ओरडला. "आवाज पोटातून काढ, संघदीप. गळ्यातून नोको."

संघदीपने डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकवली आणि आणखी एक सूर खाली उतरला. त्याचा चेहरा असा काही झाला की प्रफुल्लची आई सुमनबाई चुलीपुढून उठली आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

केशोरीत उन्हाळी धानाची धांदल होती. भारनियमनामुळे लाइन यायची ती फक्त दुपारची, आणि आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या नि व्होल्टेज पडायचं. घरातला पंखा पाती मोजता येतील इतक्या आरामात फिरत होता. पण प्रफुल्लला गरमी कळतच नव्हती. पाच दिवसांनी, चौदा एप्रिलला, गोंदियात जयंतीनिमित्त 'हुबेहूब' गायन स्पर्धा होती. आधी कॅसेटवरचं गाणं मिनिटभर वाजणार, मग गाणाऱ्याने माइकपुढे येऊन अगदी तसंच गायचं. बाकी सगळे नेहमीची सिनेमाची गाणी घेऊन येणार. प्रफुल्ल मात्र रेगे घेऊन निघाला होता; कीबोर्डवर तो स्वतः, माइकपुढे गावातलाच संघदीप!

कॅसेट त्याला नागपूरच्या मित्राने भरून दिली होती. ना कव्हर, ना गायकाचं नाव. वर फक्त पेनाने 'रेगे' लिहिलेलं. यातली गाणी मुळात दुसऱ्यांचीच आहेत, असं मित्राने सांगितलं होतं. गाजलेली इंग्रजी प्रेमगीतं जमैकाच्या लोकांनी उचलली आणि आपल्या ठेक्यात बसवली. टाळी पडायची तिथे गप्प, गप्प राहायचं तिथे टाळी. या उलट्या टाळीने प्रफुल्लला महिनाभर झपाटून टाकलं होतं. जेवताना ताटावर तीच, सायकलच्या घंटीवर तीच. कॅसेट त्याने घरच्या टेपवर इतक्यांदा वाजवली होती की शेजारची वच्छलाबाईही तांदूळ निवडताना मान भलत्याच वेळी हलवायला लागली होती.

गाण्याचे बोल ऐकून ऐकून वहीत उतरवले होते ते त्याच्या धाकट्या बहिणीने, दीप्तीने. अर्थ तिला कळला नव्हता, पण शब्दन् शब्द पाठ होता. तिला हे गाणं हवं होतं. स्टेजवर, माइकपुढे, एकदा तरी. दोनदा विचारून झालं होतं. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"दादा, मी गाऊ का?"

"गाणारा बाप्या हाय. आवाज ऐकून नाही राहिली का त्याचा? विहिरीतून बोलल्यावानी."

"त्या लोकायनं दुसऱ्याचं गाणं बदलवलं तं चालते. मग मी गायली तं काऊन नाही चालत?"

"ते हुबेहूब स्पर्धेत नव्हते आले," प्रफुल्ल म्हणाला. "जसं कॅसेटीत, तसंच. नियम म्हणजे नियम."

दीप्ती भांडी घासायला अंगणात गेली. पण गाणं काही तोंडातून जाईना. तिच्या साध्या, मोकळ्या आवाजात ते आपोआप वर चढायचं आणि उड्या मारत निघायचं.

"दीप्ते, पळून नोको राहू!" आतून हाक आली. "रेगे हाय, रेल्वे नोहाय!"

"मले असंच येते," ती म्हणाली, आणि चिडून पातेलं जास्तच जोरात घासलं.

सुमनबाई मुलाचा पांढरा शर्ट घेऊन बसली होती. इस्त्री तापेना, म्हणून तिने तांब्यात निखारे घातले होते. तांब्या फिरवता फिरवता तिने टेपकडे पाहिलं.

"त्या माणसाले बरं नसंल का रे? झोप येऊन राहिल्यावानी गाते."

"आई, ते अशेच गातेत," प्रफुल्ल म्हणाला. त्याला खात्रीच होती.

चौदा तारखेला सकाळी तिघे पहिल्या बसने गोंदियाला पोचले. हॉल निळ्या झेंड्यांनी गच्च भरला होता. बाहेर जनरेटर धडधडत होता. आत दिवे लखलखत होते, पंखे असे भन्नाट फिरत होते की दीप्तीला वहीची पानं दोन्ही हातांनी दाबून धरावी लागत होती. शब्द अडला तर संघदीपला सांगायला तिला स्टेजच्या कडेला बसवलं होतं. तेवढ्यासाठीही ती माइककडे सरकून बसली होती.

परीक्षक ईश्वरदास सर कडक माणूस. मूळ आवाजापासून केसभर इकडेतिकडे झालं की ते पेन टेबलावर आपटायचे, आणि त्या आवाजाने दोन गायक मध्येच थांबले होते.

"आता केशोरीचा चमू," सरांनी पुकारलं. "गाणं, रेगे."

हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. हे काय नवीन म्हणून मागचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले. प्रफुल्लने साउंडवाल्या उदारामच्या हातात कॅसेट दिली, कीबोर्डमागे येऊन उभा राहिला आणि संघदीपच्या कानाशी वाकला.

"जसं कॅसेटीत, तसंच."

संघदीपने मान डोलावली, हनुवटी छातीला टेकवली.

उदारामने बटन दाबलं. ठेका सुटला, आणि काय सुटला! पायाखालची फळी थरथरली, पहिल्या दोन रांगा टाळ्या पिटायला लागल्या. दीप्तीचे पाय आपोआप हलले. प्रफुल्लच्या कपाळाला मात्र आठी पडली. ठेका पळत होता. दीप्ती अंगणात भांडी घासताना गायची तेव्हा पळायचा, अगदी तसा.

मग भोंग्यांतून आवाज आला, वरच्या पट्टीतला, मोकळा. कॅसेटीत एक बाई गात होती.