वारा पडेपर्यंत

"अजून अर्धा कप घ्या, साहेब," मिस्बाह बाई म्हणाल्या आणि वेणूबाईंनी दाराकडे पाहिलं.

बेलापूरच्या ऑफिसातून आलेले ठोसर साहेब एव्हाना निघायला हवे होते. शाळा त्यांच्या मनात भरली होती. चारही वर्ग बघून झाले होते. पूर्वेच्या भिंतीतल्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या. गावातल्या माणसांनी त्या गेल्या आठवड्यात फोडून मोकळ्या केल्या होत्या. ठोसरांनी एकेका वर्गातला दिवा बंद केला आणि मागच्या बाकावर बसून फळ्यावरची अक्षरं वाचून पाहिली.

"दिवसा दिवा लागणारच नाही," ते म्हणाले. "वारा असा खेळता राहिला तर पंखेही नकोत. वीज वाचवणाऱ्या शाळांनाच हे पैसे आहेत."

खिडक्यांना सिमेंटच्या जाळ्या, पत्र्याखाली छत, जुन्या बल्बच्या जागी ट्यूबलाइट. सगळं सरकारी योजनेतून होणार होतं. फक्त ठोसरांचा शेरा आणि सही बाकी होती.

वेणूबाई याच गावच्या. याच शाळेत शिकल्या आणि इथेच शिक्षिका झाल्या. गावाच्या पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला रबाळ्याचे कारखाने. दुपारभर खाडीचा वारा वाहायचा आणि कारखान्यांचा धूर डोंगराकडे ढकलायचा. थंडीच्या दिवसांत ऊन उतरलं की तो वारा पडायचा. मग शाळेमागच्या केमिकलच्या कारखान्यातला गॅस थेट वर्गात शिरायचा. डोळे चुरचुरायचे, घसा आवळायचा. एकदा तिसरीतली एक मुलगी बाकावरच बेशुद्ध पडली. त्यानंतर गावाने खिडक्या बुजवल्या. वर्गात अंधार झाला. सकाळपासून दिवे जळू लागले. बिल भरणं झेपेना, तेव्हा भर पावसाळ्यात वीज तोडली गेली. वीज परत येईपर्यंत मुलं दारापाशी एकमेकांना खेटून बसत आणि मिळेल त्या उजेडात वाचत.

म्हणून वेणूबाईंना ही सही हवी होती. पुढचं पुढे बघता आलं असतं. जाळ्या बसल्या की संध्याकाळी त्यांच्यावर प्लास्टिक टाकायचं. पण साहेबांसमोर गॅसचं नाव काढायचं नाही. मिस्बाह बाईंना त्यांनी कालच बजावून ठेवलं होतं.

मिस्बाह बाई मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, पनवेलहून यायच्या. एरवी कामापुरतं बोलायच्या. आज मात्र त्यांनी मुलांना लवकर घरी पाठवलं होतं आणि स्वतः गप्पांना बसल्या होत्या. साहेबांचं गाव कुठलं, मुलगी कितवीत, सगळं विचारून झालं. मग डबा उघडला. घरून आणलेली सांदणं बशीत काढली.

वेणूबाई दाराशी जाऊन आल्या. समोरच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेला सदरा मघाशी फडफडत होता. आता नुसता हलत होता.

त्यांनी बशी उचलायच्या निमित्ताने मोठ्या बाईंना पडवीत बोलावलं. "बाई, वारा पडतोय. सही घ्या ना. जाऊ द्या त्यांना."

"पाहुणा आहे, वेणूबाई. घाई कशाला?"

"पाहुना हाय, पण गॅस आला तर?" घाईत त्यांच्या तोंडी घरची बोली आली.

मिस्बाह बाईंनी सदऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या.

आत ठोसरांनी पेन काढलं होतं. "एक राहिलं. या खिडक्या मुळात बुजवल्या कशाला?"

"मुलं बाहेर बघत बसायची, साहेब," वेणूबाई पटकन म्हणाल्या.

ठोसर हसले. मिस्बाह बाई हसल्या नाहीत. "सांगते. आधी तेवढं सांदण संपवा," त्या म्हणाल्या.

वेणूबाईंना वाटलं, उठावं, साहेबांचा हात धरावा आणि कागदावर टेकवावा. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेरचा सदरा स्थिर झाला होता.

आधी नाकाला झोंबलं. ठोसरांनी मान वळवली. मग त्यांना खोकला आला आणि तो थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हे काय जळतंय? खिडक्या लावा."

"लावायला काही नाही, साहेब," मिस्बाह बाई म्हणाल्या. "आणि जळत नाहीये. गॅस आहे. थंडीत रोज येतो."

तिघंही रुमाल आणि पदर तोंडावर धरून बाहेर पडली. खाडीच्या बाजूला, वडाच्या पारापर्यंत चालत गेली. ठोसर पारावर बसले. त्यांचा श्वास ताळ्यावर यायला वेळ लागला.

"तक्रार केली नाही तुम्ही?"

"दरवर्षी करतो," मिस्बाह बाई म्हणाल्या. "तपासायला लोक येतात. पण दुपारी येतात. तेव्हा खाडीचा वारा असतो. वास आढळला नाही, असं लिहून परत जातात."

ठोसरांनी मांडीवरची फाइल उघडली. "वाईट वाटतं मला," ते म्हणाले. "पण उघड्या खिडक्यांत मुलं बसू शकत नाहीत. बंद केल्या तर दिवे आलेच, मग वीज कुठे वाचते? मला हे नामंजूर करावं लागेल."

वेणूबाई खाली मातीतच बसल्या. आता दिवे परत जळणार, वीज परत तुटणार. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, ते रागाने.

"करा, साहेब," मिस्बाह बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त कारण लिहा. गॅस, आणि तो किती वाजता आला ते."