आईचा जबाब

"वाचा आणि खाली सही करा," फौजदार म्हणाला आणि कागद टेबलावरून पुढे सरकवला.

चंपाबाईंचा चष्मा काल संध्याकाळपासून हॉस्पिटलात कुठंतरी राहिला होता. म्हणून कागद त्यांच्या मुलीनं, संघमित्रानं उचलला.

'मयत अभय, वय सव्वीस, हा माझा मुलगा असून तो नेहमी मोटारसायकल भरधाव वेगाने चालवीत असे. मी त्यास वेळोवेळी समज दिली होती, परंतु त्याने माझे ऐकले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

तिनं दोनदा वाचलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईनं. काल, हॉस्पिटलात. आमचा हवालदार शेजारीच उभा होता, त्यानं टिपून घेतलं." फौजदार आईकडे वळला. वयानं पोरगाच होता, आवाज मऊ होता. "काय मावशी? गाडी पळवू नको म्हणून सांगत होते, ऐकलं नाही, असं म्हणालात ना?"

"म्हणले," आई म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"आणि तक्रार नाही, हेपण म्हणाली का ती?"

"ती ओळ असतेच खाली."

"साहेब, ती रडत होती."

"मग? रडताना माणूस खोटं बोलतं का?"

आता याला काय सांगायचं? याच्या घरी कुणी मेलंच नसेल काय? आमच्याकडे बाई मेलेल्या माणसाशी भांडूनच रडते. ऐकलं नाहीस रे, मला विचारलं नाहीस रे, असं मेल्या माणसाला खडसावत छाती बडवते. बाप गेला तेव्हा आई 'मला फसवलंस' म्हणून भिंतीवर डोकं आपटत होती. तेव्हा कुणी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला नव्हता. आणि आईला काय माहीत अभय गाडी कशी चालवतो? ती एकदाही त्याच्या मागं बसली नाही. बसायची ती संघमित्रा, रोज, काळाचौकीपासून दादरपर्यंत. अभय एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त गोळा करायचा. डब्यातल्या नळ्या हिंदकळू नयेत म्हणून खड्डा दिसला की पोरगा पाय टेकायचा. चाळीसच्या वर काटा गेलेला तिनं पाहिला नव्हता.

तिनं मोबाईल काढला, अभयचा कालचा व्हॉइस मेसेज लावला, आवाज वाढवला आणि टेबलावर ठेवला.

"ताई, भारतमाता टॉकीजजवळ चेन तुटली यार. ढकलत येतोय. आईला सांग, जेवून घे."

भावाचा आवाज ऐकून आईनं दचकून दाराकडे बघितलं.

"किती वाजताचा आहे हा?" फौजदारानं विचारलं.

"सात बेचाळीस."

"आणि धडक सात पन्नासला. आठ मिनिटांत चेन बसते."

"चेन अजून लोंबतेय, साहेब. गाडी तुमच्याच आवारात आहे. उठा आणि बघा."

"धडकेत तुटली असेल." तो उठला नाही. त्यानं आपल्या मोबाईलवरचा फोटो तिच्यासमोर धरला. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. हे बघा. टाकीवर कवटी. सायलेन्सर कसला बघा. नंबर प्लेटवर जय भीम. ही गाडी ढकलत नेणाऱ्याची वाटते तुम्हाला? या छपरी पोरांचं मी रोज बघतो."

छपरी. टाकीवर ती कवटी चिकटवली त्या दिवशी संघमित्रासुद्धा हेच म्हणाली होती. अभय हसला होता, म्हणाला होता, "मॅडम, छपरीच्याच गाडीवर बसून ऑफिसला जाता तुम्ही."

"आणि त्याला धडक देणारा कारवाला?" तिनं विचारलं.

"त्यांनीच अॅम्ब्युलन्स बोलावली. घाबरलेत बिचारे. फॅमिली माणूस आहे."

खिडकीतून फाटक दिसत होतं. अभयचे पाचसहा दोस्त सकाळीच येऊन उभे होते, हेल्मेटं हातात धरून. हितेंद्र म्हणून त्यातला एक साक्ष द्यायला तयार होता. कारनं अभयला मागून उडवलं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला अजून आत घेतलं नव्हतं. आधी सगळ्यांची लायसन्सं तपासायची होती.

"आई, सही करायची नाही," संघमित्रा म्हणाली.

"नका करू," फौजदार म्हणाला. "मग नवा जबाब होईल. मोठे साहेब संध्याकाळी येतील, नाहीतर उद्या. तोवर बॉडी मिळणार नाही."

आईनं विचारलं, "बर्फात ठेवलाय ना त्याला?"

फौजदारानं पेन पुढे सरकवलं.

"त्याला थंडी सोसत नाही, साहेब. लहानपणापासून."

तिनं पेन घेतलं. संघमित्रानं कागदावर पंजा दाबून धरला. आईनं तो पंजा हळूहळू, एकेक बोट उचलून बाजूला केला आणि दिसत नसलेल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. फौजदारानं शिक्का मारला, पावती दिली, "सांभाळून जा" म्हणाला.

आवारात गाडी भिंतीला टेकवून ठेवली होती. तुटलेली चेन लोंबून धुळीत टेकली होती. मागचं चाक आतपर्यंत चेपलं होतं, पुढच्या चाकावर ओरखडाही नव्हता. आई थांबली. तिनं सीटवर हात ठेवला आणि तिच्या पोटातून आवाज उठला, "अरे माझ्या राजा, कितीदा तुला..."

फाटकावर पोरांची लायसन्सं बघणाऱ्या हवालदारानं मान वळवली.

आईनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. संघमित्रानं तिला जवळ ओढलं.

"रड आई. रड ना. मोकळी हो."

आईनं मान हलवली. बोळा किंचित बाहेर काढला आणि हवालदाराकडे बघत हळूच म्हणाली,

"नको गं. लिहून घेतील."