सव्वादोनची खाच

बायको, विमल, गेल्याचं मुरलीधरला दुपारी साडेतीनला कळलं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंब्यात, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो लेथसमोर उभा होता. नाशिकहून मेहुण्याचा, विश्रामचा फोन आला.

"दाजी, कोविडची बॉडी म्हणून महापालिकेच्या माणसांनीच उरकलं. पिशवीची चेन उघडू दिली नाही. मला गेटबाहेर ठेवलं."

"हातातल्या बांगड्या?"

"तशाच गेल्या."

"अस्थी?"

"एका ओट्यावर तिघींना ठेवलं होतं, दाजी. कुणाच्या म्हणून आणू?"

मुरलीधरने फोन खिशात टाकला आणि लेथ बंद केला.

टेबलावर ॲल्युमिनियमचा ठोकळा होता. नऊ किलोचा. कंपनीचं हे पहिलंच रॉकेट. पहिलं रॉकेट बहुतेक वेळा फुटतं, म्हणून त्यात कुणी खरा उपग्रह देत नाही. तेवढ्याच वजनाचा ठोकळा बसवतात. दोन महिन्यांपूर्वी हे ऐकून विमल फोनवर खो खो हसली होती. "म्हणजे एवढं करून तुम्ही धोंडाच उडवणार? त्यापेक्षा माझी बांगडी पाठवा. मला ऑस्ट्रेलियात येऊ देत नाहीत, वर तरी कोण अडवतंय!" आणि तिने खरंच एक हिरवी बांगडी पोस्टाने धाडली. मुरलीधरने साहेबाला विचारून ठोकळ्यात तिच्या मापाची, सव्वादोनची, गोल खाच कोरली. पार्सल मात्र महिनाभर सिडनीतच पडून होतं. ठोकळा आज चारच्या ट्रकने जायचा होता.

शैलेंद्र आला. पुण्याचा, मुरलीधरहून दहा वर्षांनी लहान, पण साहेब तोच. त्याच्या हातात ॲल्युमिनियमची एक बारीक कडी होती.

"मुरलीभाऊ, वजन बरोबर नऊ किलो पुरं करायला हवं. ही बसवून टाका खाचेत. बांगडी पुढच्या रॉकेटला, नो वरीज. वहिनींना सांगा, शैलेंद्रने शब्द दिलाय."

मुरलीधरने टेबलावरचा पाना उचलून त्याच्या तोंडावर मारला.

दात तुटल्याचा आवाज झाला. शैलेंद्र लेथवर आपटून खाली पडला. मुरलीधर त्याच्या छातीवर बसला आणि मुठींनी मारत राहिला. "भाऊ, मी काय केलं? भाऊ!" शैलेंद्र ओरडत होता. दोन वेल्डर धावत आले. एकाने मागून गळा आवळला, तर मुरलीधरने कोपराने त्याचं नाक फोडलं. "स्टॉप इट, मेट!" दुसरा किंचाळला. मुरलीधरने हातोडा उचलला. सगळे मागे सरले.

त्याने कडी ऐरणीवर ठेवली. हातोडा मारला. मारत राहिला. कडीचा पत्रा झाला, पत्र्याचे तुकडे झाले, तरी तो मारतच होता. मग हात थांबला.

"वहिनी..." शैलेंद्र रक्त थुंकून म्हणाला. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"जाळली," मुरलीधर म्हणाला. "पिशवीसकट."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला.

मुरलीधरने ठोकळा उचलून काट्यावर ठेवला. ठोकळ्याला त्याच्या बोटांचं रक्त लागलं. ते त्याने शर्टाने पुसून काढलं आणि आकडा पाहिला. आठ किलो नऊशे त्र्याण्णव ग्रॅम.

सात ग्रॅम अजून भरायचे होते.