पहिली निवड

तीन वर्षांत त्या अमेरिकन फुटबॉल संघाचे तीन क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू, मोडले. एकाचा खांदा गेला, एकाचा गुडघा, आणि तिसऱ्याला अजून स्वतःच्या लेकीचं नाव पटकन आठवत नाही. म्हणून ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या, दिवशी संघाचा म्हातारा प्रशिक्षक ड्वेन मालकाला विनवत होता, "साहेब, यंदा चेंडू फेकणारा नको. आधी त्याला राखणारे धिप्पाड गडी घ्या. कुंपण नाही, आणि आपण दरसाल कोवळं रोप लावतोय."

"कुंपणाच्या नावाचे शर्ट कोण विकत घेतं, ड्वेन?" व्हिटकम साहेब हसले, आणि त्यांनी एकवीस वर्षांचा देखणा क्वार्टरबॅक निवडला.

रिवाजाप्रमाणे त्यांनी स्वतः पोराच्या घरी, अलाबामाला, फोन लावला. तिकडे सगळा गोतावळा नाचत होता. पोराच्या हातातून फोन त्याच्या आईने घेतला.

"तुमचे सामने मी पाहिलेत," ती हळूच म्हणाली. "एवढंच सांगा, माझ्या लेकराच्या पुढे कोण उभं राहणार आहे?"



"काळजीच सोडा, मॅडम," मालक म्हणाले, "त्याच्या मागे आणखी दोघं तयार ठेवलेत."