एम म्हणजे महाराज

कॅमेऱ्यात बुवांच्या जागी पुन्हा पांढरा ढगच आला. दत्तमंदिराच्या सभामंडपात लावायचा फोटो आजच हवा होता; कीर्तन संपलं की बुवा गावाला निघणार होते, आणि विष्णुपंतांची नवी लेन्स काही केल्या फोकस धरीना.

“अहो, लेन्सवरचं बटण बघा,” पत्नी इंदूताई कुजबुजल्या. “एमवर आहे.”

“असणारच. एम म्हणजे महाराज.”

“आणि ए?”

“आरती!”

“अहो, एम म्हणजे मॅन्युअल, हातानं फिरवायचं! ए म्हणजे आपोआप.”

पंतांनी जीभ चावून बटण सरकवलं. टुक्! बुवांच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा लख्ख दिसला. तेवढ्यात बुवांनी हात वर करून नामाचा गजर उचलला, “वाजवा टाळी!” पंतांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळी धरली.

“अहो, फोटो!”

“थांब गं, हात कुठे मोकळे आहेत?”