झऱ्याचं पाणी

फोरमननं कुंडात पाय टाकला आणि त्याला लगेच कळलं, हे झऱ्याचं पाणी नव्हे.

तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलेला माणूस तो. भिंतीतून बारीक थरथर येत होती, आणि गरम लोट थांबून थांबून सुटत होता. जमिनीच्या पोटातलं पाणी असं अडखळत वर येत नाही. चक्क नळाचं पाणी तापवून झरा म्हणून खपवत होते हॉटेलवाले लेकाचे.

"काय रे, कसं वाटतंय?" गळ्यापर्यंत बुडालेल्या मास्तरनं विचारलं.

"झकास. हाडं विरघळताहेत."

"म्हटलं नव्हतं? असलं पाणी दुखणं मुळापासून उपटतं."

फोरमननं मान डोलावली. मास्तर चित्रकलेचा शिक्षक, त्याचा शाळेपासूनचा जोडीदार. ना बायको, ना पोर. हल्ली गुडघ्यामुळे काठी घेऊन चालायचा. पण गुडघा हे नुसतं निमित्त होतं.

खरं काय ते फोरमनच्या बायकोनं त्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं. "भावजींचे रिपोर्ट चांगले नाहीत हो. त्यांना कळू द्यायचं नाही. परदेशातल्या त्या गरम झऱ्यांवर तुम्हाला घेऊन जायचं म्हणताहेत, नाही म्हणू नका." बोलता बोलता ती इतकी रडली, की फोरमनलाच तिला सावरावं लागलं.

दोघांनी तपासण्या एकाच दिवशी केल्या होत्या. रिपोर्ट मास्तरनंच आणले आणि "दोघंही ठणठणीत!" म्हणून पाठीवर थाप मारली. मास्तरला घरचं कुणी नाही, तेव्हा डॉक्टरांनी आपल्याच घरी फोन केला असणार, असं फोरमननं ताडलं. एरवी विमानात न बसण्याची त्यानं दहा कारणं काढली असती. या वेळी मुकाट्यानं बॅग भरली.

आता हॉटेलच्या त्या दोघांच्या खोलीत एकेक दिवस जड जात होता. मास्तर मात्र उत्साहात. काठी सांभाळून दोघांच्या बॅगा उचलायचा, कुंडाच्या पायऱ्यांवर फोरमनचा हात धरायचा, जेवताना मागे लागायचा.

"खा रे दोन घास. विजार घसरेल एखाद्या दिवशी."

"अळणी आहे सगळं. घशाखाली उतरत नाही," फोरमन म्हणायचा. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं खरं. पण मित्र डोळ्यांदेखत चालला असताना कुणाला भूक लागणार? कधी कधी मास्तर नुसता त्याच्याकडे बघत बसायचा. फोरमनला ते सहन व्हायचं नाही. तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

एकच गोष्ट त्याच्या हातात होती. मास्तरचा या पाण्यावरचा भरवसा तुटू द्यायचा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर झोपल्यावर तो तळघरात उतरला. अंदाज बरोबर निघाला. जुना बॉयलर धडधडत होता आणि तेलकट कपड्यांतला एक माणूस काटा बघत बसला होता. फोरमननं वाकून व्हॉल्व्ह न्याहाळला तेव्हा, हा आपल्यातलाच, हे त्या माणसाला उमगलं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. भाषेचा प्रश्न फोनवर सोडला. एकानं बोलायचं, फोननं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं.

"झरा आटला ना?" फोरमननं विचारलं.

"तीन वर्षं झाली," फोन म्हणाला.

"माझी तक्रार नाही. फक्त माझ्या मित्राला सांगू नका. तो फार दिवसांचा सोबती नाही. या पाण्यानं बरा होईन अशी आशा आहे त्याला. तेवढी राहू द्या." आणि इतके दिवस कोंडलेलं रडू परक्या माणसासमोर फुटलं.

तो माणूस हातातली चिंधी विसरून त्याच्याकडे बघत राहिला. मग फोन तोंडाशी धरून सावकाश बरंच काही बोलला.

"तुमच्याबरोबरचे काठीवाले गृहस्थ पहिल्याच दिवशी इथे आले होते," फोनमधली बाई एका सुरात सांगू लागली. "तेही असेच रडले. म्हणाले, माझ्या मित्राचे दोनच महिने उरले आहेत, झरा आटलाय हे त्याला कळू देऊ नका. तुमच्याबरोबर आलेला हा तिसरा मित्र कोण?"